सत्तासमतोल रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर कसा मांडायचा

बारावीच्या राज्यशास्त्रात ‘एकध्रुवीय’ (एकाच महासत्तेचं वर्चस्व असलेलं जग), ‘बहुध्रुवीय’ (अनेक बलाढ्य देशांचं जग) हे शब्द पाठ होतात, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. कोकणातल्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. शीतयुद्धानंतर जगातलं वजन कसं सरकत गेलं, याच्या खुणा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडतात. आठ-दहा जणांचा गट असेल तर दीड तासात मांडणी होते.

जिल्ह्याचा मोठा नकाशा, पोस्टकार्डाएवढी सहा कार्डं आणि टाचण्या घ्या. प्रत्येक कार्डावर चारच ओळी: वर्ष, कोण आलं, काय घेऊन आलं, कोणाची संमती लागली. चौथी ओळ सर्वांत मोलाची, आणि मुलं नेमकी तीच कोरी सोडतात.

पहिलं कार्ड अंजनवेलला. वीजप्रकल्पाचं नाव दाभोळ असलं तरी तो वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात आहे. टाचणी दापोलीकडे जाऊ देऊ नका. १९९१ मध्ये भारताला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं, वर्षअखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि जून १९९२ मध्ये एन्रॉन या ऊर्जा कंपनीशी सामंजस्य करार झाला. भागीदारी एन्रॉन ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक १०, बेकटेल १०. तिन्ही अमेरिकी. एकध्रुवीय जग म्हणजे काय, ते या तीन आकड्यांत दिसतं.

दुसरं कार्ड माडबनला, जैतापूर अणुप्रकल्पाच्या जागी. यावर सर्वाधिक वेळ द्या. सप्टेंबर २००८ मध्ये ४५ देशांच्या अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसामग्रीच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांनी, भारताला त्या नियमांतून सूट दिली. सूट मिळवून देण्यात पुढाकार अमेरिकेचा, पण माडबनला आली फ्रान्सची अणुकंपनी अरेव्हा: १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. दार एकाने उघडलं, आत दुसरा आला. याच कार्डाला तिसरं कार्ड जोडा: जून २०१६, या गटाची सोलमधली बैठक. २००८ मध्ये कुरकुरत का होईना, वाट देणाऱ्या चीनने त्याच गटात भारताचं सदस्यत्व अडवलं. मधल्या आठ वर्षांत, २०१० मध्ये, चीनची अर्थव्यवस्था जपानच्या पुढे गेली होती. गट तोच, मागणारा तोच, बदललं ते नकार देणाऱ्याचं बळ. सत्तासमतोल सरकला हे दाखवायला याहून चांगली जोडी आम्हाला माहीत नाही.

चौथं कार्ड हापूसच्या खोक्याचं. १९८९ पासून बंद असलेली अमेरिकेची बाजारपेठ भारत-अमेरिका अणुकराराची बोलणी चालू असताना उघडली. २००७ मध्ये पहिला आंबा गेला. अट अशी की फळाला किमान ४०० ग्रे (मात्रेचं एकक) विकिरण द्यायचं आणि अमेरिकी निरीक्षकाने इथे उभं राहून तपासायचं. करोनाकाळात निरीक्षक येऊ शकले नाहीत, २०२० आणि २०२१ चे हंगाम गेले. २०२२ पासून ती देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे येऊ लागली. कार्डावर ‘तपासणारा कोण’ एवढंच ठळक लिहा.

पाचवं नाणारला. २०१८ मध्ये वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सौदी अरामको आणि अबुधाबीची कंपनी मिळून निम्म्या वाट्याला तयार झाल्या, उरलेला निम्मा भारतीय तेल कंपन्यांचा. तेल विकणाऱ्याला आता आशियातलं पक्कं गिऱ्हाईक हवं होतं.

आता हमखास होणारी चूक. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला म्हणजे अमेरिका दुबळी झाली, असं कोणीतरी म्हणतंच. तसं नाही. भांडण विजेच्या दराचं आणि बिलांचं होतं. नाणार थांबलं ते जमिनीवरून, बागायतदार आणि मच्छीमारांच्या विरोधामुळे. कोण आलं यावरून जगाचं वजन कळतं. का अडलं याचं उत्तर बहुतेकदा गावात असतं. म्हणून अडण्याची कारणं कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा, पुढे नको.

दुसरी चूक, एका घटनेवरून निकाल देण्याची. त्यासाठी सहावं कार्ड जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, समुद्राच्या निळ्या भागात लावा: २ मार्च २०२२, संयुक्त राष्ट्रांची आमसभा, युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याविरुद्धचा ठराव. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ, चीनही तटस्थ. दोघांची कारणं वेगळी, म्हणून गटाचे दोन भाग करा आणि प्रत्येकाला एकेका देशाची कारणं लिहायला सांगा, दहा मिनिटांत.

नाणारच्या प्रकल्पासाठी पुढे सुचवलेल्या बारसूचं कार्ड अजून करू नका. टाचणी तेवढी लावून ठेवा.