देवमाशांसाठी जहाजाचा वेग कसा उतरवावा
मुंबई बंदरातून निघणाऱ्या मोठ्या जहाजाने देवमाशांसाठी वेग कमी करण्याचा निर्णय प्रवासाचा आराखडा आखतानाच घ्यावा, कारण समोर फवारा दिसल्यावर इंजिन रोखले तरी एवढे जड जहाज मैलभर पुढे सरकत राहते. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे इतरांसारखे दूरचे स्थलांतर करत नाहीत. तेव्हा ही काळजी बारमाही हवी. अमेरिकेने २००८ पासून पूर्व किनाऱ्यावरील ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना १० नॉटची (ताशी १० सागरी मैलांची) मर्यादा घातली आहे. माझ्या मते तीच प्रमाण मानावी. इंजिन रूमला आगाऊ कळवून इंजिनाचे फेरे टप्प्याटप्प्याने उतरवावेत आणि टेहळणीस एक जादा खलाशी ठेवावा. श्वासाचा पांढरा फवारा लाटेच्या फेसासारखाच भासतो, पण तो उभा उठतो आणि क्षणात विरतो.