ब्रेक पॅड घरी बदलताना हँडब्रेकही तपासावा

सोलापूर शहर बहुतांशी सपाट असल्याने हँडब्रेक सैल झाल्याचे येथे महिनोन्महिने लक्षात येत नाही आणि तुळजापूरच्या घाटात गाडी उभी केल्यावर ती मागे सरकू लागली की मगच त्याची आठवण होते. म्हणून पुढचे पॅड बदलण्यासाठी गाडी उचलणार असाल, त्याच दिवशी हँडब्रेक ज्यांवर काम करतो ते मागच्या चाकांचे ड्रमही पाहून घ्यावेत.

काम सकाळी लवकर, टणक फरशीवर करावे. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो. मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढच्या चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत आणि गाडी उचलल्यावर जॅकवर विसंबून न राहता खाली भक्कम स्टँड द्यावा. पॅडवरील लायनर, म्हणजे घासून झिजणारा थर, ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर डावी-उजवी दोन्ही बाजू एकदम बदलावी. सुटा केलेला कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने वर बांधावा. नवे पॅड जाड असल्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबावा लागतो आणि तेवढे ब्रेक ऑइल टाकीत परत चढते. पॅड झिजत असताना कुणी टाकी काठोकाठ भरली असेल, तर ते बाहेर सांडून रंग खराब करते. तेव्हा झाकण आधी उघडून पातळीवर लक्ष ठेवावे. ब्रेकची काळी भुकटी फुंकून उडवू नये, ती श्वासात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी. चाके बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे, कारण पहिल्या दाबात ते थेट तळाला जाते.

हँडब्रेकबाबत माझा आग्रह एकच आहे: केबल ताणण्याआधी ड्रम उघडावा. दांडा नेहमीपेक्षा बराच वर येऊ लागला, की अनेक जण केबलचा नट आवळून मोकळे होतात. परंतु दोष बहुधा झिजलेल्या लायनरचा किंवा न सरकणाऱ्या ॲडजस्टरचा (लायनर आणि ड्रममधले अंतर राखणाऱ्या भागाचा) असतो. अशा वेळी ताणलेली केबल तो दोष झाकते आणि ॲडजस्टरला नीट काम करू देत नाही. या कामासाठी दगड पुढच्या चाकांना लावावेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, दांडा पूर्ण खाली करावा आणि मगच ड्रम काढावा. लायनर, स्प्रिंगा आणि ॲडजस्टरची दाती साफ करून, हाताने चाक फिरवल्यावर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत ॲडजस्टर फिरवावा. केबलची पाळी त्यानंतर येते. दांडा खाली असताना चाक मोकळे फिरायला हवे आणि गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तितके ‘टक’ आवाज होईपर्यंत वर ओढल्यावर दोन्ही चाके सारखीच धरायला हवीत.

पावसात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी हलेना, तर लायनर ड्रमला चिकटलेले असू शकतात. रेस न वाढवता तिला पुढे-मागे हलकेच डोलवावे. बटणाच्या हँडब्रेकच्या गाड्यांत मागची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, ते काम गॅरेजवरच सोपवावे.

दांडा खाली असूनही लाल दिवा जळत राहिला, तर टाकी पाहावी. बऱ्याच गाड्यांत ऑइल कमी झाले तरी तोच दिवा लागतो. पॅड नवे असताना पातळी घटलेली दिसली, तर गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.