नवव्या दिवशी कोण येणार? श्रमदानाच्या तयारीची यादी

जानेवारी लागला की गावच्या ग्रुपवर हमखास मेसेज पडतो, "यावर्षी आपण पोरांनी मिळून पाण्यासाठी काहीतरी करू". खाली शंभर अंगठे, दोन-चार हार्ट, आणि मे महिन्यात टँकर येतो तेव्हा सगळे गप्प. आमच्याकडेही असंच व्हायचं, मग एका वर्षी खरंच केलं आणि त्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. आम्ही साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले, पलीकडच्या डोंगरावर धो धो कोसळणारा पाऊस आमच्याकडे नुसता वास देऊन जातो. सध्या दोन-तीन गावातली पोरं फोन करून विचारतायत की दादा उन्हाळ्यात पाणी अडवायला चर-बांध घालायचं श्रमदान करायचंय, तयारी काय करू. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहितोय, क्रम थोडा मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. पहिल्या दिवशी माणसं येतातच. नारळ फुटतो, सरपंच येतात, फोटो निघतात, आमच्याकडे पहिल्या दिवशी दोनशेच्या वर लोक होते. नवव्या दिवशी सात. त्यातले तीन आमच्याच घरचे. त्यामुळे तयारी पहिल्या दिवसाची करू नका, तो आपोआप होतो, तयारी नवव्या दिवसाची करा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका दिवसासाठीच आहे असं समजा.

आम्ही सुरुवात केली ती टी-शर्टपासून. ग्रुपचं नाव काय, लोगो कसा, पाठीवर काय लिहायचं यावर तीन रात्री चर्चा, चाळीस टी-शर्ट छापले, आणि काम सुरू झालं तेव्हा कळलं की टिकाव आहेत अकरा. त्यातल्या चारांचे दांडे हलत होते. तर टी-शर्ट यादीतून खोडा, बॅनर एक पुरे, आणि तो पैसा अवजारांकडे वळवा.

आता खरी यादी. पहिलं काम म्हणजे कॅलेंडर घेऊन बसणं. गावची यात्रा कधी, लग्नाच्या दाट तिथी कुठल्या, बारावीचा पेपर कधी संपतो, कांदा काढायला कधी येतो, ज्वारीची मळणी कधी. हे घरातल्या बायकांना विचारा, पोरांना यातलं निम्मं माहीत नसतं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांत पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा, चालायची तेव्हा २०१७ आणि २०१८ ला ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस होते, ते काही उगाच ठरवलेले नव्हते, रब्बी उरकलेली असते, शेतं मोकळी असतात आणि पावसाला अजून वेळ असतो. २०१६ ला तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातला कोरेगाव, आणि त्यावेळी पहिलं आलेलं वेळू गाव कोरेगाव तालुक्यातलंच. त्या गावांमध्ये काम सुरू व्हायच्या आधी माणसं निवडून ट्रेनिंगला पाठवलेली असायची, हे लोक विसरतात आणि फक्त टिकाव मारतानाचे फोटो लक्षात ठेवतात.

दुसरं, शिवार फेरी. किमान दोनदा. एकदा म्हाताऱ्या माणसांबरोबर, एकदा मेंढरं राखणाऱ्यांबरोबर. पाणी कुठून येतं, कुठल्या वगळीला जोर असतो, पूर्वी झरा कुठं होता हे त्यांना तोंडपाठ असतं. नकाशा मोबाईलवर बघा की, पण पायानं बघितल्याशिवाय रेघ मारू नका. आणि माथा ते पायथा हा नियम पाळा, म्हणजे काम वरून खाली करत यायचं. सगळ्यांना घाई असते ओढ्यात मशीन घालायची कारण ते दिसतं, पण वरची माती अडवली नाही तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यात गाळानं भरतो. इथे भांडण होतं बरं का. वरच्या उतारावर खणायचं आणि पाणी उतरणार खालच्या आळीच्या विहिरीत, मग वरची भावकी म्हणते आम्ही कशाला घाम गाळू. याचं उत्तर आधीच शोधून ठेवा, टिकाव हातात घेतल्यावर शोधू नका. आम्ही वरच्या वस्तीच्या रस्त्याकडेचा बांध आधी घालून दिला, मग ती माणसं आली. आयडिया माझी नाही, एका मावशींची आहे.

तिसरं, कागद. जमीन कोणाची हे सातबाऱ्यावर बघा, तलाठ्याकडे जाऊन खात्री करा. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती, तोंडी नको, कारण तोंडी "खणा की पोरांनो" म्हणणारे काका आठवड्यानं चुलत्याशी बोलून आले की वेगळंच बोलतात. गायरान असेल तर ग्रामपंचायतीतून रीतसर जा. वनखात्याची असेल तर वनक्षेत्रपालांच्या ऑफिसला आधी अर्ज, परवानगीशिवाय तिथे एक खड्डाही नाही. आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारीची ग्रामसभा गाठता आली तर उत्तम, १ मे ला जाऊन उपयोग नाही, तोपर्यंत अर्धा उन्हाळा गेलेला असतो. कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तर आपली शंभर डोकी मोजून न्या. त्याआधी महिला ग्रामसभा होते, तिथे विषय आधी मांडा, कारण हंडा कोण वाहतं ते सगळ्यांना माहितीये आणि तिथे ठरलं की मोठ्या सभेत कोणी फारसं अडवत नाही.

मीटिंग कुठे घ्यायची हा पण यादीतलाच मुद्दा आहे. आम्ही पहिली मीटिंग देवळात घेतली आणि खालच्या वस्तीतलं एकही पोरगं आलं नाही. कोणी काही बोललं नाही, पण कळायचं ते कळलं. दुसरी शाळेच्या पटांगणात घेतली, संध्याकाळी सातला, तेव्हा मुलीपण आल्या. आठनंतर ठेवली असती तर आल्या नसत्या.

आता पोरांबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा जास्त लिहितो. गावात पोरांना काम म्हणजे खुर्च्या लावा, माईक आणा, पाणी वाटा. निर्णय मोठ्यांचे. मग पोरगं तीन दिवस येतं आणि चौथ्या दिवशी क्रिकेट खेळायला जातं, त्याचं काय चुकलं? त्याच्याकडे खरं काहीतरी सोपवा. आमच्याकडे अवजारांच्या खोलीची किल्ली अकरावीतल्या एका मुलीकडे होती. किती टिकाव गेले, किती आले, कोणाचा दांडा मोडला, सगळं तिच्या वहीत. एकदा पंचायतीतल्या एका मेंबरला तिनं सरळ विचारलं, काका घमेलं परत आलं नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी आणून दिलं! ती शेवटपर्यंत एक दिवस चुकली नाही. एकाकडे हिशोब, एकाकडे मोजमाप, एकाकडे रोज संध्याकाळी उद्याच्या दहा घरांना फोन, नुसता ग्रुपवर मेसेज नाही, फोन. आणि ज्याच्याकडे काम दिलंय त्याच्या हातून ते मागे ओढून घेऊ नका, चुकला तरी. पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले तेव्हा तिशीच्या आतबाहेरचेच होते आणि त्यांना उभं करायला गावातली तरुण पोरंच मागे लागली होती. आता लोक बस भरून ते गाव बघायला जातात, फोटो काढतात आणि घरी येऊन स्वतःच्या पोराला म्हणतात तू यात पडू नकोस.

मोजमाप म्हटलं तर ए-फ्रेम शिका. तीन बांबू, थोडी सुतळी, एक दगड. दोन बांबूंचे पाय, मधे आडवा, इंग्रजी ए सारखा आकार, आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड लोंबता. जमिनीवर दोन खुंट्या ठोका, त्यावर पाय ठेवा, दोरी आडव्या बांबूला जिथे लागेल तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, परत खूण. दोन खुणांच्या बरोबर मधली जागा म्हणजे लेव्हल. आता उतारावर एक पाय रोवायचा, दुसरा पाय वर-खाली सरकवायचा, दोरी मधल्या खुणेवर आली की तिथे फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकायची, आणि पुढे चालायचं. ती फक्कीची रेघ म्हणजे समतल रेघ, त्यावर चर खणायचा, निघालेली माती खालच्या अंगाला, पण काठापासून जरा अंतर सोडून, नाहीतर पहिल्या सरीला परत आत. वारा असेल तर दगड झुलत राहतो, म्हणून हे काम सकाळी लवकर. आम्ही सुरुवातीचे तीन दिवस नजरेच्या अंदाजानं खणलं, फार हुशार होतो ना. टँकरमधून थोडं पाणी सोडून बघितलं तर सगळं एका टोकाला पळालं आणि तिथून बाहेर. तीन दिवस वाया, आणि माझ्या मते नवव्या दिवशी जी सात माणसं उरली त्याचं निम्मं कारण हेच. लोकांना घाम गाळायचं काही वाटत नाही, तो फुकट गेला की मात्र जिव्हारी लागतं.

आकडा सांगत राहा, रोज. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल चर म्हणजे १.८ घनमीटर, म्हणजे एकदा भरला की १८०० लिटर. शाळेच्या भिंतीवर काळा फळा, त्यावर आजचे लिटर आणि एकूण लिटर. घागरीच्या हिशोबात लिहिलं तर अजून भारी, आमच्याकडे म्हाताऱ्या बायका घागरीचा आकडा वाचून घ्यायच्या. आणि काम सुरू व्हायच्या आधी गावातल्या सात-आठ विहिरींची पाणीपातळी दोरीनं मोजून वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या वर्षी "काय फरक पडला" असं विचारणारा कोणीतरी भेटणारच.

पैशाचं थोडक्यात, वर्गणी घेतली की पावती, खर्च रोज फळ्यावर, पैसे दोघांच्या ताब्यात, आणि डिझेलचा हिशोब वेगळा. यावर जास्त लिहीत नाही, गावात काय काय बोललं जातं ते तुम्हाला माहितीये.

तब्येतीचं मात्र हलक्यात घेऊ नका. काम सकाळी सहा ते नऊ, फार तर साडेनऊ, एप्रिलच्या दुपारी मर्दानगी दाखवायची नाही. पौर्णिमेच्या आसपास रात्रीचं श्रमदान ठेवा, नोकरीवाले तेव्हाच येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, हे प्रमाण कागदावर लिहून पिंपाला चिकटवा नाहीतर प्रत्येकजण आपल्या चवीनं मीठ टाकतो. गूळ-शेंगदाणे ठेवा. दगड उचलताना आधी पहारीनं उलटायचा, सरळ हात घालायचा नाही, खाली विंचू असतो. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवता येतात हे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, तेव्हा मंत्र-बिंत्र नाही, सरळ दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच जाऊन विचारा, सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि १०८ ला पत्ता नीट सांगता यावा म्हणून साइटजवळची खूण ठरवून ठेवा. शाळेतल्या बारक्या पोरांना टिकाव-पहार नाही, त्यांना फक्की आणि पाणी. बायकांसाठी आडोसा आणि टॉयलेटची सोय जवळ हवी, हे कोणी यादीत लिहीत नाही आणि मग बायका का येत नाहीत म्हणून विचारतात.

जवळच्या कॉलेजच्या एनएसएसवाल्यांशी (राष्ट्रीय सेवा योजना) डिसेंबरच्या आधीच बोला, त्यांचं सात दिवसांचं शिबिर असतं आणि गाव आधी ठरलेलं असतं. ती पोरं आली की गावातली पोरंही येतात. का ते विचारू नका.

आणि नववा दिवस खास राखून ठेवा. त्या दिवशी काहीतरी वेगळं पाहिजे. आम्ही दुसऱ्या वर्षी नवव्या दिवशी मुंबई-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांना बोलावलं, रविवार गाठला, त्यांच्या आयांनी पिठलं-भाकरी केली, आणि एकसष्ट माणसं आली. दोनशे नाही, पण एकसष्ट, आणि दहाव्या दिवशी चाळीसच्या वर.

आदल्या रात्रीचं शेवटचं काम म्हणजे टिकाव आणि कुदळी पात्याची बाजू खाली करून पाण्याच्या पिंपात उभ्या करून ठेवा, दांडा बसवलेली जागा बुडाली पाहिजे, लाकूड फुगतं आणि दांडा घट्ट बसतो. चार दांडे जादा आणा. चहाचं मोठं पातेलं कोणाच्या घरून आणलंय ते वहीत लिहा, झाकणासकट. आमच्याकडे एक अजून पडून आहे, कोणाचं आहे तेच कळत नाही.