दोन ऑफर्स हातात आहेत? मोठ्या कंपनीचं पॅकेज तोलताना या चुका टाळा

लग्नाच्या बायोडेटापासून सोसायटीतल्या गप्पांपर्यंत सगळीकडे एकच विचारतात: पॅकेज किती? त्यामुळे ऑफर लेटर आलं की आपलीही नजर आधी सीटीसीवरच, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यावरच जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते, म्हणून हिशोब नीट मांडून बघू.

समजा, एक ऑफर 18 लाखांची आहे आणि दुसरी साडेसोळा लाखांची. दोन्हीकडे बेसिक, म्हणजे मूळ पगार, सीटीसीच्या निम्मं. पहिल्या कंपनीने 2 लाख 70 हजारांचा व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा भाग), 1 लाखाचा जॉइनिंग बोनस आणि विम्याचा 15 हजारांचा हप्ताही सीटीसीतच धरलाय. शिवाय कंपनीचा पीएफचा वाटा, म्हणजे बेसिकच्या 12 टक्के, आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण 1 लाख 5 हजार उरतात. तुमच्या वाट्याचा 9,000 पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की इन्कम टॅक्सच्या आधी हातात 96 हजार. दुसऱ्या कंपनीत व्हेरिएबल फक्त 82,500 आहे, जॉइनिंग बोनस नाही आणि विमा सीटीसीबाहेर. तिथे याच पद्धतीने 1 लाख 10 हजार 600 हातात येतात. कागदावर दीड लाखाने लहान असलेली ऑफर दर महिन्याला साडेचौदा हजार जास्त देते!

व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं धरून ईएमआय ठरवू नका. गेल्या दोन वर्षांत तुमच्या लेव्हलला किती टक्के मिळाला, हे एचआरला सरळ विचारा. जॉइनिंग बोनसचं कलमही वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत मागतात, आणि कित्येकदा टॅक्स कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात.

उलट बाजूही आहे. काही कंपन्या पीएफ फक्त 15,000 रुपयांच्या मर्यादेवर कापतात, म्हणजे महिना 1,800. हातात जास्त येतं, पण कंपनीचा वाटाही तेवढाच कमी होतो. तो फरक तुम्ही स्वतः बाजूला टाकणार नसाल, तर तो फायदा नाही.

मित्राची जुनी सॅलरी स्लिप पुढे ठेवून तुलना करू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. त्यामुळे तेवढ्याच सीटीसीची रचना आज वेगळी दिसू शकते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तेव्हा तीन वर्षांत सोडायचा विचार असेल तर ती रक्कम हिशोबातून काढूनच टाका.

विमा: सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान

‘5 लाखांचं कव्हर’ एवढं वाचून थांबू नका. आई-वडील त्यात आहेत का? त्यांचा हप्ता कोण भरणार? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? बिलाचा काही टक्के भाग आपण भरायचा अशी अट आहे का? घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर ग्रुप पॉलिसी पहिल्या दिवसापासून तो आजार धरते का, याला पगारातल्या हजार-दोन हजारांपेक्षा जास्त किंमत आहे. मात्र नोकरी सुटली की हे कव्हर जातं. नवी वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच एक स्वतःची पॉलिसी घेऊन ठेवाच. ती नसेल आणि राजीनामा दिला असेल, तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा.

‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?’ असं विचारू नका

याचं उत्तर सगळीकडे ‘छान आहे’ असंच येतं. ग्लासडोअर किंवा अँबिशनबॉक्स या साइट्सवर कर्मचाऱ्यांनी कंपनीला दिलेले तारेही फार मदत करत नाहीत. टीसीएससारख्या कंपनीत साडेपाच लाखांहून जास्त माणसं काम करतात, आणि तुमचं आयुष्य ठरतं ते तुमच्या प्रोजेक्टवर, मॅनेजरवर आणि क्लायंट कुठल्या देशातला आहे त्यावर. प्रश्न असे विचारा: गेल्या महिन्यात टीममध्ये किती जणांनी शनिवारी लॉगिन केलं? ऑन-कॉल, म्हणजे कामाच्या वेळेबाहेरही फोनवर हजर राहायची पाळी, किती आठवड्यांनी येते? दिवसाचा शेवटचा कॉल किती वाजता असतो?

क्लायंट अमेरिकेतला असेल तर आणखी एक गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळी साडेसातचा कॉल आपल्याकडे साडेआठला होतो. मार्चपर्यंत असंच चालतं. लहान मुलं असलेल्या घरात तो एक तास जेवण आणि झोपेच्या मधला असतो.

वर्क फ्रॉम होम लेखी नसेल तर ते धरू नका. टीसीएसनेच ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. म्हणून हडपसरहून हिंजवडी फेज तीनला रोज जावं लागलं तर काय, याचा विचार आधीच करा. सोमवारी सकाळी ऑफिसच्याच वेळेला एकदा जाऊन बघा. रविवारी मॅपवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका.

जॉइन झाल्यावर पगार कमी आला तर

घाबरण्याआधी स्लिपवर तीन गोष्टी बघा: पीएफ किती बेसिकवर कापलाय, टॅक्स कुठल्या रिजिमने (जुन्या की नव्या करपद्धतीने) लावलाय, आणि विम्याची किंवा कॅब-कॅन्टीनची कपात आहे का. तुम्ही काही कळवलं नसेल तर कंपनी नवी रिजिम धरते.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला जरूर कळवा. नाही कळवलं तर स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब दोन्हीकडे धरले जातात. दर महिन्याला पगार बरा दिसतो आणि रिटर्न भरताना व्याजासकट टॅक्स भरावा लागतो.

पीएफ काढून घेऊ नका, जुन्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर त्यावर टॅक्स लागतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पोर्टलवर आधार ओटीपीने ती स्वतःच टाकता येते.