कॅबिनेट घेताना आधी पत्रा बघा: जाडी, सांगाडा आणि सांधे तपासायची पद्धत

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या खोक्यावर पंख्यांची संख्या आणि दिव्यांचे रंग ठळक छापलेले असतात. पत्रा किती जाड आहे, हे मात्र शोधावं लागतं आणि बरेचदा सापडतही नाही. खरं तर मशीनमध्ये सगळ्यात जास्त टिकणारा भाग हाच. एटीएक्स (सर्वात प्रचलित मापाच्या) मदरबोर्डाच्या भोकांची मांडणी १९९५ पासून जवळजवळ तीच आहे, त्यामुळे चांगल्या कॅबिनेटमधून दोन-तीन पिढ्यांचे मदरबोर्ड सहज जातात. पण त्यासाठी स्क्रूचे आटे, मागची कार्डं बसवायची पट्टी आणि मदरबोर्ड बसतो तो ट्रे तेवढा काळ शाबूत राहायला हवेत.

धातूचं नाव शेवटी विचारा. आधी जाडी, मग पत्रा कुठे आणि कसा दुमडलाय, मग तुकडे एकमेकांना कसे जोडलेत. 'फुल मेटल बॉडी' असं लिहिलेलं कॅबिनेट हाताने पिळता येत असेल, तर त्या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

जाडी आणि ती मोजणं

बहुतेक कॅबिनेटं पोलादी पत्र्याची असतात. स्वस्तातल्या मालात ०.४ ते ०.५ मिमी, मधल्या श्रेणीत ०.६ ते ०.७, चांगल्यात ०.८ आणि दणकट म्हणावं अशात १ मिमी पत्रा मिळतो. आकडे जवळजवळचे वाटतात, पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.५ वरून ०.८ ला गेलात तर जाडी ६० टक्क्यांनी वाढते आणि ताठपणा चौपट होतो. नुसत्या ०.१ मिमीने, म्हणजे ०.५ च्या जागी ०.६ घेतल्यानेही पत्रा पावणेदोन पटीच्या आसपास ताठ होतो. म्हणून जाहिरातीतला 'जाड पत्रा' सोडा आणि मिमीमधला आकडा विचारा. तो आकडा सांगाड्याचा आहे की फक्त बाजूच्या झाकणाचा, हेही विचारा, झाकण ०.८ आणि आतला ट्रे ०.५ असा प्रकार सर्रास चालतो.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर झाकणाच्या कडेला मोजू नका. कडा दुमडलेली असते, तिथे दुप्पट जाडी येते. मदरबोर्डच्या ट्रेमध्ये वायरींसाठी कापलेली भोकं असतात. त्यांपैकी एखाद्याची कडा न दुमडलेली असेल तर तिथे मोजा. पावडर कोटिंगचा (भुकटी भाजून चढवलेल्या रंगाचा) थर प्रत्येक बाजूला साधारण ०.०६ ते ०.१ मिमी असतो. म्हणजे कॅलिपरवर ०.७५ आलं, तर आतला पत्रा ०.६ च्या आसपासचा समजा.

मोजायची सोय नसेल तर वजनावरून अंदाज येतो. माहितीपत्रकात रिकाम्या कॅबिनेटचं वजन बहुधा असतं. त्यातून आधी काच वजा करा, कारण काच जड असते आणि फसवते. सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी, गुणिले मिमीमध्ये जाडी, भागिले ४०००, की काचेचं वजन किलोमध्ये येतं. ४४ × ४२ सेंमीची ४ मिमी काच १.८५ किलोची भरते. कॅबिनेट ६.५ किलोचं असेल, त्यात तीन पंखे असतील आणि प्रत्येकाचे दीडशे ग्रॅम धरले, तर पत्रा आणि प्लॅस्टिक मिळून ४.२ किलो उरतात. नेहमीच्या आकाराच्या मिड टॉवरला (मध्यम उंचीच्या उभ्या कॅबिनेटला) हे जेमतेम आहे. पाच किलोच्या वर उरत असेल तर निश्चिंतपणे पुढच्या तपासणीला जा. साडेतीनच्या खाली असेल तर पत्रा पातळ आहे, हे बघायला कॅलिपरचीही गरज नाही.

पोलादाचे प्रकार

माहितीपत्रकात एसपीसीसी, एसईसीसी किंवा एसजीसीसी अशी अक्षरं दिसतात. एसपीसीसी म्हणजे साधा कोल्ड रोल्ड पत्रा. त्यावर विजेच्या प्रक्रियेने जस्ताचा पातळ थर चढवला की एसईसीसी. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला तो एसजीसीसी, त्याचा जस्ताचा थर जास्त जाड असतो. ताकदीत तिघांमध्ये जाणवण्यासारखा फरक नाही; फरक आहे तो गंजाचा. कापलेल्या कडा, स्क्रूची भोकं आणि ओरखडे या तीन ठिकाणी रंग टिकत नाही. जस्त असेल तर ते आधी स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. दमट हवेत मशीन राहणार असेल तर एसपीसीसी टाळलेलं बरं, निदान आतून-बाहेरून पूर्ण पावडर कोटिंग असल्याशिवाय घेऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमबद्दलचे गैरसमज

अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, आणि ताठपणाही तितकाच कमी. त्यामुळे सारख्याच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिप्पट वाकतो. पोलादाइतका ताठपणा हवा असेल तर तो १.४ पट जाड घ्यावा लागतो, ०.८ मिमी पोलादाला साधारण १.१५ मिमी अ‍ॅल्युमिनियम. एवढं करूनही वजन निम्मंच भरतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचा खरा फायदा तो हाच. दीड-दोन मिमीची झाकणं असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कॅबिनेट हलकं आणि ताठ दोन्ही असतं. एक मिमीच्या खाली असेल तर ते फक्त हलकं.

अ‍ॅल्युमिनियममुळे मशीन थंड राहतं, हा समज काही केल्या जात नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता हवा घेऊन बाहेर पडते. गरम होणारा कोणताही भाग झाकणाला टेकलेला नसतो. पंखे आणि जाळी नीट असतील तर झाकण कशाचं आहे याने तापमानात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. (झाकणालाच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा भाग, बनवलेली बिनपंख्याची कॅबिनेटं वेगळी, त्यांचा हिशोब इथे नको.)

अ‍ॅल्युमिनियमला दोन अडचणी मात्र आहेत. आटे मऊ असतात, चार-पाचदा उघडबंद केलं की स्क्रू नुसता फिरत राहतो. म्हणून आट्यांच्या जागी पोलादी नट दाबून बसवलेत का ते बघा. दुसरं म्हणजे अ‍ॅनोडायझिंगचा थर, म्हणजे धातूवर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा लेप, वीज वाहू देत नाही, त्यामुळे झाकण आणि सांगाडा यांचा विजेच्या दृष्टीने संपर्क राहीलच असं नाही. जोडणीच्या जागी थर काढलेला किंवा स्प्रिंगची पट्टी लावलेली असावी.

जवळ एक लोहचुंबक ठेवा. 'अ‍ॅल्युमिनियम कॅबिनेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेकांमध्ये फक्त पुढची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते, बाकी सगळीकडे चुंबक चिकटतो. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत कशाची देतोय ते कळलेलं बरं.

काच, अ‍ॅक्रिलिक, प्लॅस्टिक

टेम्पर्ड काच मधोमध बरीच मजबूत असते, पण कडेला आणि कोपऱ्याला नाजूक. चिनी मातीच्या फरशीवर काच टेकवली आणि कडेला बारीकसा टोला बसला, तरी सगळी काच एका क्षणात तुकडे तुकडे होऊ शकते. झाकण काढलं की ते पुठ्ठ्यावर किंवा जाड कापडावर आडवं ठेवायचं. चार कोपऱ्यांना भोकं पाडून स्क्रूने आवळलेली काच टाळा: रबरी वॉशर झिजला आणि स्क्रू जास्त आवळला की ताण थेट भोकाच्या कडेवर येतो. लोखंडी चौकटीत चिकटवलेली आणि मागच्या बाजूला स्क्रू असलेली काच कितीतरी सुरक्षित.

अ‍ॅक्रिलिक सहजासहजी फुटत नाही पण ओरखडतं, धूळ ओढतं, आणि स्पिरिट किंवा अमोनिया असलेल्या द्रवाने पुसलं तर त्यात केसासारख्या चिरा पडतात. पुसायला ओलं मायक्रोफायबर पुरे.

पुढचा भाग एबीएस प्लॅस्टिकचा असायला हरकत नाही. वजन पेलणारं काहीही प्लॅस्टिकचं नको: पाय, हँडल, हार्ड डिस्कचा पिंजरा. पुढचं पॅनल एकदा ओढून काढून बघा. क्लिपा जाड आणि थोड्या लवचीक असाव्यात. पातळ, कडक क्लिप दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तुटतेच.

सांगाडा हाताने तपासताना

दोन्ही झाकणं काढा. उघडा पुठ्ठ्याचा खोका सहज पिळतो आणि झाकण चिकटवलं की ताठ होतो, कॅबिनेटचंही तेच. पोलादी झाकण स्क्रूने बसलं की सांगाड्याला आधार देतं, पण नुसती खटक्यावर बसणारी काच काहीच आधार देत नाही. म्हणून काचेच्या कॅबिनेटचा सांगाडा उघडा असतानाच ताठ असायला हवा.

आधी सपाट टेबलावर ठेवून आलटूनपालटून तिरपे समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगत असेल तर सांगाडा जोडतानाच तिरका बसलाय, आणि अशा कॅबिनेटमध्ये झाकणाची भोकं जुळणार नाहीत. मग पुढचा वरचा कोपरा एका हाताने आणि मागचा खालचा दुसऱ्या हाताने धरून हलकासा पीळ द्या. किंचित लवचीकता चालते, पण करकर आवाज आला तर एखादा रिव्हेट सैल आहे. तो शोधायला जोडावरचे दोन पत्रे बोटांनी उलटसुलट दिशेने सरकवा. सैल रिव्हेट ड्रिलने काढून ३.२ मिमीचा पॉप रिव्हेट बसवता येतो, पण आत एकही भाग नसतानाच. ड्रिलचा लोखंडी चुरा बोर्डावर पडला तर शॉर्ट होणार.

आता मदरबोर्डचा ट्रे. प्रोसेसरच्या मागे मोठं चौकोनी भोक असतं, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची पट्टी बसवण्यासाठी. सोय चांगली आहे, पण नेमकी त्याच जागी किलोभराचा कूलर लटकणार असतो. भोकाच्या कडा आत दुमडलेल्या असाव्यात, आजूबाजूला उठावदार पट्ट्या दाबलेल्या असाव्यात. भोकाच्या बाजूला अंगठ्याने दाबून बघा. ट्रे डबा दाबल्यासारखा आतबाहेर 'टक' करत असेल तर नको.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या स्लॉटच्या पट्टीवर घालवा. मोठं ग्राफिक्स कार्ड दीड-दोन किलोचं असतं आणि त्याची एक बाजू फक्त इथल्या दोन-तीन स्क्रूंवर टांगलेली असते. कार्ड लोंबतं तेव्हा दोष नेहमी कार्डाचा नसतो. बरेचदा स्क्रू जिथे बसतात ती पट्टीच खाली झुकलेली असते. पट्टी पकडून खाली दाबा. ती दुहेरी दुमडलेली असेल तर हलणार नाही. स्क्रू बाहेरून लावायची रचना असेल आणि तिथला पत्रा कापून वर वेगळं झाकण दिलं असेल, तर ती जागा हमखास कमजोर असते. स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूने काढता-लावता येणाऱ्या हव्यात. पिळून तोडायच्या पट्ट्या एकदा तुटल्या की भोक कायमचं उघडं राहतं, आणि तोडताना आजूबाजूचा पत्राही वाकतो.

आटे आणि स्टँडऑफ

इथे पातळ पत्रा लगेच उघडा पडतो. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि ३.५ इंची डिस्कसाठी बहुधा ६-३२ मापाचा स्क्रू असतो; त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७९ मिमी. म्हणजे ०.८ मिमी पत्र्यात जेमतेम एक आटा बसतो आणि ०.५ मध्ये तोही पुरा नाही. चांगल्या कॅबिनेटमध्ये भोकाची कडा आतून बाहेर ओढून छोटी नळी केलेली असते किंवा नट दाबलेला असतो. भोकाच्या मागून बोट फिरवलं की कळतं. २.५ इंची एसएसडीला बारीक आट्यांचा एम३ स्क्रू लागतो. एम३ स्क्रू ६-३२ च्या भोकात खुळखुळतो आणि निसटतो. उलट केलं तर थोडा जाऊन अडकतो आणि आटे खातो. स्क्रू पहिले दोन फेरे बोटांनी जात नसेल तर जोर लावू नका, माप चुकलंय.

स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड ट्रेपासून उचलून धरणारे छोटे खांब, काढता येणारे, पितळी आणि षटकोनी असावेत. पूर्ण एटीएक्स बोर्डाला बहुधा नऊ लागतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. बोर्ड काढताना स्क्रूबरोबर स्टँडऑफही फिरून येत असेल, तर तो बसवताना बॉक्स पान्याने नीट आवळलेला नव्हता.

आवाज, पाय, अर्थिंग

७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि पातळ झाकण त्या कंपाला सूर देतं. डिस्कखाली रबरी बुश हवेत. झाकणावर बोटाने टकटक केल्यावर लांबलचक घुमणारा आवाज आला तर तिथे डांबरी डॅम्पिंग शीट लावून काम भागतं. पाय चिकटवलेले नकोत, स्क्रू किंवा रिव्हेटने बसवलेले हवेत. एसएमपीएस खालून हवा ओढणारा असेल तर दीड-दोन सेंमी उंची ठेवा. अर्थिंग नीट व्हायला एसएमपीएसचे चारही स्क्रू उघड्या धातूला भिडले पाहिजेत. जाड रंग असेल तर दातेरी वॉशर घाला.

कोणासाठी काय

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, एका जागी राहणाऱ्या मशीनला ०.५-०.६ मिमी पत्रा पुरतो. तिथे जाडीवर जास्त पैसे घालू नका. दीड किलोच्या पुढचं कार्ड असेल तर सांगाडा ०.८ चा आणि तरीही कार्डाखाली आधाराची काठी. सारखं इकडून तिकडे न्यायचं असेल तर काच नकोच: दोन्ही बाजूंना पोलादी झाकणं आणि सांगाड्याला थेट बोल्टने जोडलेलं हँडल. उचलताना पुढच्या प्लॅस्टिकच्या पॅनलला कधी धरू नका, क्लिपा सुटल्या की मशीन पायावर येतं. आणि लांबच्या प्रवासात कार्ड आणि मोठा कूलर काढून ठेवा. कूलर काढणं शक्य नसेल तर मदरबोर्ड खाली आडवा येईल असं कॅबिनेट निजवून न्या, म्हणजे कूलरचं वजन ट्रेला पिळत नाही.