पहिली स्वस्त प्राइम लेन्स घेताय? आधी या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, "दादा, फिफ्टी घेऊ ना? सगळे तीच घ्या म्हणतात." फिफ्टी म्हणजे ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. मी विचारतो फोटो कुठे काढणार, उत्तर येतं घरात, आणि मग मला लांबलचक टाइप करावं लागतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० असली क्रॉप सेन्सरवाली बॉडी असेल (म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप लहान असेल) तर ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी भाग मावतो. फुटात सांगतो म्हणजे पटेल. दहा फुटांवरून आडवा फोटो काढला तर साडेचार फुटांच्या आसपास रुंदी मावते, म्हणजे खांद्याला खांदा लावून तीन माणसं, बास.

घरात फिफ्टी वापरायची चूक मी स्वतः माझ्या भाचीच्या बारशाला केली. खोली दहा बाय बाराची, मधोमध पाळणा, आणि नवीन फिफ्टीच्या जोशात किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स, घरीच ठेवलेली. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगतेय, मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतायत, सगळी खोली हसतेय आणि मी कपाटाला पाठ टेकून उभा, मागे सरकायला इंचभर जागा नाही. फ्रेममध्ये आत्याचं डोकं आणि पाळण्याची एक दोरी. त्यात ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) १.८ वर उघडं टाकलेलं, दीड मीटरवरून तेव्हा जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो, फोकस बसला आत्याच्या गजऱ्यावर आणि बाळाचा चेहरा गेला. ताईने अजून तो फोटो फ्रेम केलेला नाही, आणि मला ते दरवेळी तिच्या घरी गेलं की लागतं.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे एक माणूस असेल तर ॲपर्चर २, दोन असतील तर २.८, त्याहून जास्त असतील तर ४ आणि लागला तर आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) सरळ ३२०० करायचा. त्याने फोटोत येणारे दाणे चालतात हो, बाळाचं तोंड धूसर नाही चालत. नवीन मुलं बॅकग्राउंड ब्लरसाठी इतकी घाई करतात की डोळे शार्प आहेत का हे झूम करून बघतच नाहीत.

घरातल्या फोटोंसाठी निकॉनवाल्यांनी डीएक्स (निकॉनचं क्रॉप सेन्सरसाठीचं नाव) ३५ एमएम १.८जी बघावी, कॅननवाल्यांनी ईएफ-एस २४ एमएम २.८ एसटीएम. आणि डीएक्स लिहिलंय म्हणजे क्रॉपचा हिशोब आधीच केलाय असं समजू नका, ३५ म्हणजे ३५ च, क्रॉपवर साधारण ५२ सारखी. घ्यायच्या आधी किट लेन्सची रिंग ३५ वर (कॅनन असेल तर २४ वर) ठेवून सेलोटेप लावा आणि आठ दिवस तसंच वापरा. हे सांगितलं की लोकांना कंटाळा येतो, पण पैसे वाचवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

निकॉनची ५० एमएम १.८डी स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. तिच्यात फोकस फिरवणारी मोटर नाही, डी३००० आणि डी५००० सिरीजच्या बॉडीतही नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालतच नाही. नाव जी ने संपतं का डी ने हे वाचा, आणि आधी एएफ-एस, म्हणजे लेन्समध्येच मोटर, असं लिहिलंय ना तेही.

या स्वस्त लेन्सेसमध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नसतं, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

स्वस्तातला यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची संरक्षक काच) लावून समईचे फोटो काढू नका, ज्योतीचं भूत फ्रेममध्ये दुसरीकडे उमटतं.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि समोरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, लेन्स परत द्या. निकॉनची असेल तर मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ॲपर्चर उघडा, नाहीतर आतलं काही दिसत नाही. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवू नये, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. मी जेल दर महिन्याला बदलतो.