दस्तातलं जमिनीचं वर्णन स्वतः तपासून कसं बघायचं

दस्तातलं हद्दीचं वर्णन बहुतेक लोक वाचतच नाहीत, डायरेक्ट सही, आणि पुढे भांडण होतं ते नेमकं त्यावरूनच.

आधी वर्णन कोणत्या पद्धतीनं लिहिलंय ते ओळखा. प्लॉट नंबर आणि मंजूर लेआऊट लिहिलाय तर सोपंय, त्या नकाशाची प्रत काढा, मापं त्यातच असतात, फक्त लेआऊट नंतर बदललाय का ते बघा. अमेरिकेत बऱ्याच भागात 1785 पासूनची चौकटींची पद्धत आहे, 6 बाय 6 मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन साधारण 640 एकर, मग त्याचा पाव, पावाचा पाव असं करत 40 एकरांपर्यंत येतात.

खरी डोकेदुखी म्हणजे दिशा आणि अंतरं देऊन केलेलं वर्णन. "उत्तर 45 अंश पूर्व, 200 फूट" म्हणजे उत्तरेकडे तोंड करायचं, पूर्वेच्या बाजूला 45 अंश वळायचं आणि 200 फूट जायचं. यात आकडा 90 च्या वर जात नाही, गेला तर एकतर चूक आहे नाहीतर कोन उत्तरेपासून 360 अंशांत मोजलेत. ग्राफ पेपर, कोनमापक आणि पट्टी घ्या, एक स्केल ठरवा आणि ओळीमागून ओळ रेघा मारत जा, शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन भिडलीच पाहिजे. थोडा फरक तुमच्या पेन्सिलीचा असू शकतो पण मोठी फट राहिली तर एखादी ओळ गाळलीय किंवा उत्तरेच्या जागी दक्षिण टाईप झालंय का बघा, हे फार होतं. जुन्या दस्तात अंतर साखळीत (जुन्या मोजणीतलं माप) असेल तर गंटर नावाची साखळी 66 फुटांची, आणि दिशा होकायंत्राच्या असतील तर आज त्या तशाच्या तशा जुळणार नाहीत कारण चुंबकीय उत्तर सरकत राहते.

कागदावर 200 फूट आणि जागेवरचा हद्दीचा दगड 206 वर, मग काय? दगड मूळचाच आहे हे सिद्ध झालं तर बऱ्याच ठिकाणी कोर्ट सहसा दगड धरतं, आकडा नाही, आणि क्षेत्रफळ तर सगळ्यात शेवटी बघतात. म्हणून नवीन वर्णन लिहून घेताना "मोठ्या झाडापर्यंत" किंवा नुसतं शेजाऱ्याचं नाव चालवून घेऊ नका, झाड पडतं, शेजारी जमीन विकतो. पक्की खूण, तिच्यापासूनचं अंतर आणि शेजारच्या जमिनीचा नंबर, तिन्ही लिहून घ्या, आणि फट निघालीच तर सही करायच्या आधी सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या.